पिवळी आकडी

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गुणाजी घाडीचं नाव निघालं की लोक आधी त्याच्या हातांबद्दल बोलतात. उंचीने बेताचा, बोलायला मोजका, नाकावरून सतत घसरणारा चष्मा, हे सगळं मागाहून. हात मात्र एखाद्या दांडग्या माणसाचे काढून याला चुकून बसवले असावेत असे. एका बोटाचं नख कायमचं गेलेलं, मनगटावर सायलेन्सरने भाजल्याचा डाग, आणि तळव्यांच्या रेघांत काळं ऑइल असं मुरलेलं की साबणाने कधीच हात टेकले होते. या हातांना एक खोड होती. कुणी घसरलं, काही निसटलं, कुठे काही पडायला लागलं, की गुणाजीला कळायच्या आत हात तिथे पोचलेले असायचे. पडणारी बॅटरी, कोसळणारं बोनेट, एकदा तर उकळत्या रेडिएटरचं झाकण. डोकं मागाहून यायचं आणि हातांना शिव्या घालायचं.

खोडीला कारण होतं, आणि त्या कारणाचं नाव भीमराज.

गुणाजी देवगडकडचा. बाप लालबागला गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसं बिऱ्हाड बोरिवलीला आलं आणि पोरगा मरोळच्या एका गॅरेजात चिकटला. भीमराज तिथे त्याच्या आधीपासून होता. माणदेशातला, अंगाने सडसडीत, कामाला वाघ. पण त्याची एक सवय गुणाजीला पहिल्याच आठवड्यात खटकली. गाडीखाली झोपून गुणाजीने पाना मागितला की भीमराज तो हातात द्यायचा नाही. जमिनीवर ठेवायचा आणि बोटाने पुढे सरकवायचा. गुणाजीला वाटलं, गडी शिष्ट दिसतोय. मग कुणीतरी सांगितलं की आधीच्या गॅरेजातला मिस्त्री भीमराजच्या हातातून काही घ्यायचा नाही, जात कळल्यापासून 'खाली ठेव' म्हणायचा. ते ऐकून गुणाजीला गावची आजी आठवली. अंगणाच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसांच्या ओंजळीत ती वरून पाणी ओतायची, आणि लहानपणी त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि चांगलंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडीखालून हात बाहेर काढला. भीमराजने पाना जमिनीवर ठेवला. "हातात दे," गुणाजी म्हणाला. गुणाजीने हात मागे घेतला नाही. अवघडून खांद्याला रग लागली तरी घेतला नाही. शेवटी पाना त्याच्या तळव्यावर आला. त्यानंतर त्या दोघांत पाना कधी जमिनीवर ठेवला गेला नाही, आणि डबाही कधी वेगळा उघडला गेला नाही.

पुढे एका टेम्पोचा जॅक सरकला. गुणाजी खाली होता. बाकीचे 'जॅक आणा, फळी आणा' करत धावत सुटले आणि भीमराजने काहीच आणलं नाही. त्याने गुणाजीचे दोन्ही घोटे धरले आणि ओढलं. टेम्पो बसला तेव्हा गुणाजीचं डोकं बाहेर येऊन फार वेळ झाला नव्हता. तेव्हापासून त्याची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती. माणूस अडकला की आधी हात. बाकीचं नंतर.

ही झाली जुनी गोष्ट. आता त्या गॅरेजाला गॅरेज म्हटलेलं आवडत नाही. शेठ वारले आणि त्यांचा मुलगा राजेश गादीवर बसला. त्याने फरशी पांढरी केली, भिंतीला हिरवा पट्टा मारला आणि फक्त विजेच्या गाड्या घ्यायच्या असं ठरवून टाकलं. जुन्या मिस्त्र्यांची पांगापांग झाली. कुणी साकीनाक्याला दुसरीकडे लागले, कुणी गावी गेले. भीमराजचे गुडघे आधीच गेले होते, तो घाटकोपरला घरी बसला. गुणाजी तेवढा उरला. टायर आणि ब्रेक या दोन गोष्टी विजेच्या गाडीलाही असतात, म्हणून.

आणि खरं सांगायचं तर त्या गाड्यांनी गुणाजीची वाट लावली होती. तो माणूस गाडीशी बोलत असे. इंजिन चालू करून डोळे मिटायचे आणि ऐकायचं, ही त्याची पूजा. आता गाडी चालू आहे की बंद हेच कळेना. ऑइल बदलायचं नाही, प्लग नाही, क्लच नाही, फॅनबेल्ट नाही. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचा एसीचा फिल्टर काढायचा, कूलंट बघायचं, वायपरचं पाणी भरायचं. गाडी अंगाने जड म्हणून टायर लवकर झिजायचे. ब्रेकचं उलटंच. पाय उचलला की मोटरच गाडीला आवरते, त्यामुळे ब्रेक वापरावाच लागत नाही आणि तो बिचारा न झिजता गंजून जातो. ब्रेक बसून बसून खराब झाला, हे गुणाजीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याला त्या ब्रेकची फार दया यायची. त्याला त्यात स्वतःचं काहीतरी दिसायचं.

अशात तेजल आली. तेजल म्हणजे भीमराजची धाकटी. लहानपणी बापाचा डबा विसरला की घेऊन यायची, टायरच्या ढिगावर बसून पाय हलवत राहायची. तिने डिप्लोमा केला, पुण्याला जाऊन मोठ्या व्होल्टेजचं शिक्षण घेतलं आणि बापाच्याच जागी येऊन उभी राहिली. बॅटरीचा डबा उघडायची परवानगी असलेलं तिथे तीच एक माणूस. गुणाजीला ती काका म्हणायची, आणि तो तिला 'गो तेजल' म्हणायचा तेव्हा त्याच्या आवाजात देवगड यायचं.

तिने पहिल्यांदा डबा उघडला त्या दिवशी गुणाजी ब्रेक सोडून बघायला गेला. गाडी वर उचललेली. तिच्या पोटाखालून चाकाच्या टेबलावर उतरवलेला तो डबा एखाद्या डबल बेडच्या गादीएवढा. भोवती लाल-पांढरी पट्टी ओढलेली, खाली रबराची चटई. तेजलने झाकण उचललं. आत राखाडी विटांसारख्या पेट्या ओळीने लावलेल्या आणि त्यांच्यामधून फिरणाऱ्या जाडजूड नारिंगी तारा. बस्स. काही हलत नव्हतं. आवाज नाही, वास नाही, धूर नाही, हात शेकावा एवढी ऊब नाही. गुणाजीने आजवर जेवढा म्हणून जोर पाहिला होता तो सगळा आरडाओरडा करणारा होता. डिझेलचं इंजिन, गिरणीचा भोंगा, गावचा समुद्र. आणि इथे पाच माणसांना सामानासकट आंबोलीचा घाट चढवणारी ताकद देवघरासारखी गप्प बसली होती. नकळत त्याने पायातल्या चपला काढल्या, तशी तेजल ओरडलीच, की काका, रबरी बूट घाला, अनवाणी काय उभे राहता.

मग तिने त्याला त्या शक्तीची रीत सांगितली. घरातला करंट झटका देतो आणि बऱ्याचदा फेकून देतो. हा तसा नाही. हा कितीतरी जास्त जोराचा, याला स्पर्श झाला तर स्नायू आखडतात आणि माणूस सोडतच नाही. ओरडताही येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काम चाललंय. म्हणून डबा उघडला की एकट्याने काम करायचं नाही, दुसरा माणूस पट्टीबाहेर उभा हवा. त्याने काही करायचं नाही. फक्त बघायचं. त्याच्या हातात फायबरची पिवळी काठी, पुरुषभर उंच, टोकाला मोठा वाकवलेला आकडा. आंबे काढायच्या आकडीची थोरली बहीणच. काम करणारा आखडला की आकडा त्याच्या कमरेत घालायचा आणि मागे ओढायचं.

ऐकायला सोपं होतं, पण माणूस मिळेना. जो उभा राहील तो थोड्या वेळाने कंटाळायचा. एक जण मोबाइल बघताना सापडला, दुसरा आकडी खांद्याला टेकवून चहावाल्याशी गप्पा मारताना. तेजलने राजेशला सांगितलं की असली माणसं मागे असण्यापेक्षा कुणी नसलेलं बरं, मी डबा उघडणार नाही. राजेश म्हणाला, मग डबे बाहेर पाठवावे लागतील, आणि तसं असेल तर तुझं इथे काम काय. ती पुन्हा पुण्याला जाईल असं सगळे बोलू लागले. गुणाजीने ते ऐकलं आणि जाऊन म्हणाला, मी उभा राहतो. त्याच्या मनात हिशेब साधा होता. भीमराजने आपल्याला ओढून काढलं, आता त्याच्या पोरीच्या पाठीशी आपण.

तेजलचा चेहरा उजळला. तिने त्याच्या बोटातली तांब्याची अंगठी काढायला सांगितली, धातू चालत नाही. ती लग्नापासून तिथेच होती. साबण, तेल, सगळं करून निघाली आणि खाली कातडीवर पांढरा वळ राहिला. मग तेजल त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, एक गोष्ट कायम डोक्यात ठेवायची. काहीही झालं तरी मला हात लावायचा नाही."

तिच्या बापाने एकदा जमिनीवर ठेवलेला पाना गुणाजीला दिसला. "असं नको गो बोलू," तो म्हणाला. "दुसरं काय पण सांग."

"हेच आहे, काका. मी चिकटलेली असताना तुम्ही मला धरलंत तर करंट तुमच्यातही येणार. मग आपण दोघंही गेलो."

त्यांनी सराव केला. रिकामा डबा, आत वीज नाही. तेजल वाकून काम केल्यासारखं करायची आणि मध्येच आखडायची. पहिल्या वेळी ती आखडली आणि आकडी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. गुणाजीचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते. कसे गेले ते त्यालाही सांगता आलं नसतं. "गेलात, काका," ती शांतपणे म्हणाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने आकडी टाकली नाही, पण एका हातात ती धरून दुसऱ्याने तिचा दंड पकडला. आजूबाजूचे हसले. तेजल हसली नाही. राजेश लांबून बघत होता. तो येऊन म्हणाला, काकांचा जीव आहे तुझ्यावर हे मान्य, पण जीव असलेला माणूस या कामाला नको. आठवडाभराने पुन्हा बघतो, तेव्हाही हेच झालं तर विषय संपला.

त्या दिवसांत गुणाजीला आपल्याच हातांची भीती वाटू लागली. जेवताना तो त्यांच्याकडे बघत बसायचा. मरायची भीती नव्हती. आपल्या चांगुलपणाने पोर मरेल, ही भीती होती, आणि अशी भीती असू शकते हे त्याला साठीला आल्यावर कळत होतं. बोरिवलीच्या घरी तो लादी पुसायच्या दांडक्याला वायरचा आकडा बांधून सराव करू लागला. बायकोला, सुगंधाला, ओट्याशी उभी करायचा आणि सांगायचा, मध्येच आखड. ती भाकरी थापता थापता आखडायची आणि हा दांडकं टाकून तिला धरायचा. दोन दिवस तिने हे लाडाचं समजून सोसलं. तिसऱ्या दिवशी आकडा खरोखरच कमरेत बसला, तवा हलला आणि भाकरी गेली.

"माका जिती ठेवतलात मा?" सुगंधाने विचारलं. मग त्याचा पडलेला चेहरा बघून तिने गॅस बंद केला आणि सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "गावात तरंग धरल्यात, तेव्हा मध्येच कधी हात सोडल्यात काय?"

तरंग म्हणजे गावच्या देवांच्या उंच काठ्या. लुगडी नेसवलेल्या, वर चांदीचा मुखवटा. दसऱ्याला त्या देवळातून बाहेर निघतात आणि ज्याचा मान त्यानेच त्या धरायच्या. गुणाजीने तरुणपणी काही वर्षं धरली होती. सुगंधाच्या त्या एका वाक्याने त्याला सगळं अंगात आठवलं. काठी कमरेशी टेकवलेली, दोन्ही मुठी एकावर एक. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायला हात काढायचा नाही. समोर पाठची बहीण चक्कर येऊन पडली तरी नाही. एकदा ती खरंच पडली होती, आणि तो जागचा हलला नव्हता. तिला बाकीच्यांनी सावरलं. काठीत देव आहे की नाही ते दिसत नाही, पण धरलेल्या माणसाचे हात थरथरतात, आणि त्या थरथरण्यावरून लोक देव ओळखतात. ती न दिसणारी शक्ती आणि त्या राखाडी विटांमधली न दिसणारी शक्ती त्याच्या मनात शेजारीशेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघींनाही आपण कोण, कुणाचे, कसे, याची पर्वा नाही. दोघींपुढे नियम पाळायचा असतो, एवढंच.

आठवडा संपला तेव्हा गुणाजीने आकडी खांद्याला लावली नाही, बगलेत धरली नाही. कमरेशी टेकवली, दोन्ही मुठी एकावर एक. तेजल आखडली. आकडा कमरेत, एक झटका, आणि ती मागे चटईवर बसली होती. पुन्हा केलं. पुन्हा बसली. राजेश मान हलवून निघून गेला. त्याच्या भाषेत ते प्रमाणपत्र होतं.

मग खरं काम आलं. मुलुंडच्या एका बाईंची गाडी. स्पीडब्रेकरला तळ घासला होता आणि तेव्हापासून पूर्ण चार्ज केली तरी अर्ध्या वाटेत दम टाकायची. तेजल म्हणाली, एक पेटी दुखावली असणार, डबा उघडावा लागेल.

सकाळचं ऊन शटरमधून आत आलेलं. गुणाजी आकडी घेऊन पट्टीबाहेर उभा राहिला आणि तेजलची एकेक कृती बघू लागला. तिने गाडीची किल्ली लांबच्या कपाटात नेऊन ठेवली. लहान बॅटरीची तार काढली. सीटखालचा नारिंगी प्लग उपसला, त्या जागी कुलूप घातलं आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. जो आत हात घालणार, किल्ली त्याच्याच खिशात. रबरी हातमोजे घेतले, त्यांचं तोंड पिरगळून आत हवा कोंडली आणि फुगलेला मोजा गालाशी धरला. सुईएवढं भोक असलं तरी गालाला वारा लागतो. मग त्यावर चामड्याचे मोजे. आणि मग ती थांबली.

हे थांबणं गुणाजीला सगळ्यात भारी वाटायचं. प्लग काढला तरी तारांमध्ये वीज मागे रेंगाळते, ती विझेपर्यंत कुणी काही करायचं नाही. मीटर हातात असतं, तरी थांबायचं. इस्टेटमध्ये कुणाला कधी थांबायला वेळ नसतो. शेजारच्या कारखान्यात प्रेस धडधडत होता, रिक्षावाले भोंगे मारत होते, आणि या पांढऱ्या फरशीवर ही पंचविशीतली पोर हात मोकळे सोडून, डोळे डब्यावर ठेवून, एखाद्या म्हाताऱ्या पुजाऱ्यासारखी उभी होती. आपण आयुष्यभर गाड्यांना ठोकलं, हाणलं, शिव्या घातल्या. हिने गाडीला मान दिला. गुणाजीचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत, कारण मुठी आकडीवर होत्या.

मीटर लावून तिने खात्री केली आणि डबा खाली उतरवला. झाकण निघालं. आता मुख्य तारा मेलेल्या होत्या, पण पेट्या जिवंत. पेट्या कधीच झोपत नाहीत, हे तिने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. ती वाकून पेट्यांना जोडणारी तांब्याची एकेक पट्टी सोडवू लागली. गुणाजीची नजर तिच्या खांद्यांवर खिळली. बाहेर चहावाला आला, गेला. कुणाचा तरी फोन वाजला. त्याने मान वळवली नाही.

आणि मग तेजलचे खांदे थांबले.

हातातला पाना तसाच. कोपर तसंच. मान किंचित वर आलेली आणि पाठ ताठ, इतकी ताठ की शर्टाची घडी सरळ झाली. "तेजल?" गुणाजी म्हणाला. उत्तर नाही. तिने श्वास घेतलेला दिसला नाही. पुढचं त्याने केलं, की त्याच्याकडून झालं, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. हात निघाले होते, हे मात्र त्याला चांगलं आठवतं. चाळीस वर्षांचा तो झटका खांद्यापासून निघाला आणि मुठींशी येऊन आदळला, आणि मुठी सुटल्या नाहीत. आकडा तिच्या कमरेत गेला. त्याने देवाचं नाव घेतलं की भीमराजचं, ते त्यालाच ठाऊक नाही. सगळं वजन मागे टाकून त्याने ओढलं.

दोघंही चटईवर आडवे. पाना लांब जाऊन खणकला. तेजलच्या तोंडून एक मोठा श्वास बाहेर पडला आणि मग कण्हणं.

"उसण," ती कशीबशी म्हणाली. "करंट नाही, काका. पाठीत उसण भरली. बोलताच येईना."

लोक धावत आले. झालं काय ते कळल्यावर कुणीतरी हसलं, आणि म्हटलं की काकांनी पाठदुखीवर नवीन इलाज काढला. राजेश आला, त्याने डब्याकडे बघितलं, तेजलकडे बघितलं, आणि हसणाऱ्याला बाहेर पाठवलं. गुणाजीला हे काही नीट ऐकू येत नव्हतं. तो बसल्या जागी थरथरत होता आणि आकडी त्याच्या दोन्ही मुठींत होती. आपण पोरीला उगाच आपटलं, एवढंच त्याला समजत होतं.

तेजल उठून बसली. कमरेवर आकड्याचा वळ उठणार हे नक्की होतं. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही मला हात लावला नाहीत."

मग तिने चामड्याचे मोजे काढले, रबरी मोजे काढले, आणि उघडा हात पुढे केला. "आता द्या." गुणाजीची बोटं आकडीवरून एकेक करून सोडवावी लागली. तिला उठवायला त्याने हात दिला खरा, पण उठवलं तिनेच त्याला.

दुपारी ती पाठ शेकून आली आणि डबा पूर्ण करून बंद केला. दुखावलेली पेटी बदलली, गाडी न बोलता निघून गेली. त्या दिवसापासून तेजलने दुसऱ्या कुणालाही आकडी धरू दिलेली नाही.

संध्याकाळी गुणाजी मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपरला उतरला आणि भीमराजकडे गेला. पोरीला पाडलंय, तर आपल्या तोंडाने सांगावं. पण फोन त्याच्या आधी पोचला होता. भीमराज दारातच खुर्ची टाकून बसला होता, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. गुणाजी समोरच्या बाकड्यावर टेकला. दोघं थोडा वेळ गल्लीतल्या क्रिकेटकडे बघत राहिले.

"हात लावला नाहीस म्हणे माझ्या पोरीला," भीमराज म्हणाला.

गुणाजीने मान खाली घातली.

"गुण्या, 'हात लावू नको' हे मी जन्मभर ऐकलं. माझ्या बापाने ऐकलं, त्याच्या बापाने ऐकलं. ऐकलं की अंग पेटायचं." त्याने गुडघ्यांवरची पिशवी नीट केली. "आज तेजल फोनवर तेच बोलली आणि मी इथे बसून रडलो. आनंदाने रडलो रे. असा दिवस बघेन वाटलं नव्हतं."

गुणाजीला फक्त नवल वाटत होतं. त्या राखाडी विटांचं, त्या पोरीचं, आणि समोर बसलेल्या या माणसाचं, जो इतकं सगळं पोटात ठेवून इतकी वर्षं त्याच्यासोबत एका डब्यात जेवला होता.

भीमराज पिशवी बाजूला ठेवून उठला. गुडघे कुरकुरले, गुणाजी 'बस रे' म्हणाला, पण त्याने ऐकलं नाही. भिंतीला धरत धरत तो आत गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आला. बाकड्यावर जागा होती, शेजारी स्टूलही होतं. त्याने पेला कुठेच ठेवला नाही. गुणाजीच्या हातात दिला.